वाऱ्यानं नेलेली ट्रॉली

आमच्या सासूबाईंना एकदा वाऱ्यानं नेलं.

नेलं म्हणजे एकट्यांना नव्हे. नव्याकोऱ्या ट्रॉलीसकट, लग्नाच्या भांड्यांसकट आणि रांगोळीच्या पोत्यासकट नेलं. ती ट्रॉली ज्या ट्रॅक्टरला जोडलेली असायला हवी होती, त्या ट्रॅक्टरवर मी बसलो होतो. माझ्याकडं एकच काम होतं. मागं बघत बसणं!

सत्तर साल उलटल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. मी तेव्हा कोल्हापुरात एका टॉकीजच्या तिकीट खिडकीवर होतो. भुताखेतांचे सिनेमे फुकटात पुन्हा पुन्हा बघून माझी भीती मेली आहे, असा माझा समज होता, आणि तो मी सासुरवाडीलाही करून दिला होता. सासुरवाडी मुरगूडची. सासरे शेतकरी. धाकट्या मुलीच्या लग्नाच्या तोंडावर त्यांनी उचगावात एक ट्रॉली बनवायला टाकली. वऱ्हाड जाणार ते ह्याच ट्रॉलीतून, हा त्यांचा हट्ट. लग्न परवावर आलं तरी ट्रॉलीला रंगच चालला होता! शेवटी माझा मेहुणा संपत ट्रॅक्टर घेऊन ती न्यायला आला. भांड्यांच्या खरेदीसाठी बरोबर सासूबाईही आल्या. माझी बायको पोरांना घेऊन आधीच माहेरी गेली होती, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर निघालो.

बाबालाल मिस्त्रीनं आम्हाला ट्रॉली दाखवली ती बापानं नवरी मुलगी दाखवावी तशी. लालभडक रंग. चार चाकं. चारी कोपऱ्यांवर उभे लोखंडी पाइप, वर ताडपत्री. आणि पुढच्या दोन चाकांच्या डोक्यावर जात्याएवढी आडवी लोखंडी चकती.

"चाकं दिसाय चार हायत, जावईबापू, पर हायत पाच!" मिस्त्रीनं त्या चकतीवर थाप मारली. "हे आडवं चाक म्हंजी गाडीची मान. कुटं बी वळवा, ऐकती ती."

"कुणाचं ऐकती?" मी विनोद केला.

मिस्त्री हसला नाही. "जो वडंल त्येचं," तो म्हणाला.

नारळ फुटला, लिंबं चाकाखाली गेली. भांडी, साड्यांची बोचकी आणि रांगोळीचं पोतं मागं चढलं. मी सासूबाईंना ट्रॅक्टरच्या मडगार्डवरची जागा देऊ केली. त्यांनी ती धुडकावली.

"माजी ट्रॉली हाय. मी बसतो की मागं!" (कोल्हापूरकडं बायका 'बसतो' म्हणतात आणि बसतातही तशाच, ठाम!)

"दाजी, तुमी हिकडं बसा," संपत म्हणाला. "तोंड मागं करून बसा. आईकडं आन ट्रॉलीकडं ध्यान ठेवायचं. मला फुडं बघाय लागतंय."

कागल सुटेपर्यंत सगळं झकास होतं. मुरगूडच्या रस्त्याला लागलो आणि उजेडाचा रंग बदलला. दुपार कलली होती, पण ऊन नव्हतं, ढगही नव्हता. सगळं आभाळ हळद भिजवून ठेवल्यासारखं पिवळं झालं होतं. पान हलत नव्हतं. बांधावरच्या म्हशी चरायच्या थांबून एकाच दिशेला तोंड करून उभ्या होत्या. मी त्या दिशेला बघितलं. तिकडं काहीच नव्हतं! काहीतरी असतं तर बरं वाटलं असतं.

एक म्हातारा शेरडं हाकत लगालगा येत होता. आम्हाला बघून त्यानं काठी आडवी धरली.

"पावणं, आडोसा बगा कुटंतरी. आजचं वारं सरळ न्हाई."

"वारंच न्हाई तर सरळ आन वाकडं कुटलं?" संपत म्हणाला आणि त्यानं गिअर टाकला.

म्हातारा मागं वळून सासूबाईंकडं बघत राहिला. मग घाईनं त्यानं शेरडं रस्त्यावरून खाली घातली.

वारा आधी दिसला नाही, ऐकू आला. आणि तोही वाऱ्यासारखा नाही! बाई रडावी तसा. लांबून, दबल्या आवाजात, तोंडात पदर कोंबून कोणीतरी रडत होतं. मी इकडंतिकडं बघितलं. दोन्ही बाजूला मोकळी रानं. मग लक्षात आलं, की आवाज ट्रॉलीतून येतोय. सासूबाई तर तोंड मिटून बसल्या होत्या, आणि त्याही तो ऐकत होत्या!

"संपत, ट्रॉली रडतेय रे!"

"नवी हाय. ग्रीस बसलं की गप हुईल!"

"हे ग्रीसचं नाही! ग्रीस हुंदके देत नाही!"

एवढ्यात धूळ आली. आली म्हणजे काय, पुढचा रस्ताच उठून अंगावर आला! पिवळ्याचं तांबडं झालं, तांबड्याचं काळपट झालं. डोळ्यांत, नाकात, कानात माती. मी टॉवेल तोंडाला गुंडाळला आणि मडगार्डला मिठी मारली. मागून तो रडण्याचा आवाज चढत चढत गेला, एकाचे दोन झाले, दोनाचे चार झाले. चार बाया चार सुरांत माझ्या मागावर होत्या. (चार-चार खेळ बघून मेलेली भीती अशी एका खेळात जिवंत होते!) ट्रॅक्टर एका चढाला लागला, एक मोठा खड्डा आला, माझे दात एकमेकांवर आपटले आणि आवाज बंद झाला.

एकदम बंद. पाठीवरचं ओझं उतरावं तसं वाटलं.

"थांबलं रे रडणं!" मी ओरडलो.

"म्हनलं न्हवतं? ग्रीस बसलं!" संपतही खूश. "आन गाडी बगा दाजी, चढाला कशी पळाय लागल्या! नव्या ट्रॉलीची गंमतच न्यारी. मागं काय हाय का न्हाई, कळंना झालंय!"

वारा जरा ओसरल्यावर मी टॉवेल सोडून डोळे पुसले आणि माझं काम केलं. मागं बघितलं.

मागं रस्ता होता. खूप रस्ता होता. हुक मोकळा होता.

"संपत," मी म्हणालो, "थांब."

"का? आईला काय पायजे?"

"आईच पाहिजे."

त्यानं ब्रेक दाबला, उडी मारली, हुकाला हात लावला. ट्रॉलीची पिन गेली होती. पिन निसटू नये म्हणून तिला खाली एक खिट्टी घालतात, ती घालायची संपत विसरला होता. त्याचा चेहरा असा झाला की मला त्याच्यावर ओरडता येईना. रुबाबात ट्रॅक्टर हाकणारा तो गडी रस्त्याच्या मध्यभागी उभा राहिला आणि लहान पोरासारखा हाक मारू लागला, "आई! ए आई!"

धुळीतून उत्तर आलं नाही.

ट्रॅक्टर वळवून आम्ही मागं निघालो. चढाच्या पायथ्याशी रस्त्यात एक पितळी तांब्या उभा होता. उभा! पडलेला नव्हे. कोणीतरी तिथं मुद्दाम मांडून ठेवल्यासारखा. मी तो उचलून घेतला. पुढं एक ताट स्वतःभोवती गरगरत होतं. त्याच्या पलीकडं, बाभळीच्या काट्यांत, धाकट्या मुलीच्या लग्नाचा हिरवा शालू अडकला होता आणि दोन्ही पदर वर करून आम्हाला बोलावत होता.

"दाजी, आई गेली का हो?" संपतनं विचारलं. तो रडत होता आणि ते लपवतही नव्हता.

"छे! काहीतरीच!" मी म्हणालो. पण माझ्या डोळ्यांपुढं सासरे आले, मांडव आला आणि माझी बायको आली. 'आई कुठंय?' असं ती विचारणार आणि मी काय सांगणार? 'मागं बघत होतो' असं?

ट्रॉली चढावरून उलटी घरंगळली होती, हे चाकोऱ्यांवरून कळत होतं. तिची मोकळी दांडी जमिनीवर ओढत गेल्यानं नांगरटीसारखी एक रेघ उमटली होती. ती रेघ रस्ता सोडून गाडीवाटेला लागली आणि गाडीवाटेनं माळाकडं गेली. इथवर समजण्यासारखं होतं. पण पुढं माळ चढाचा होता, आणि रेघ चढावर गेली होती! अगदी सरळ, घर माहीत असल्यासारखी.

आणि मग तो आवाज पुन्हा आला. माळावरून. तेच दबलेलं रडणं.

वाटेवर एक वस्ती होती, चार-पाच घरांची. दिवसाउजेडी सगळी दारं बंद. संपतनं कडी वाजवली तेव्हा एक दार चार बोटं उघडलं आणि एका पटकेवाल्या म्हाताऱ्याचा अर्धा चेहरा दिसला.

"माळाकडं जाऊ नगा, पावणं."

"का?"

"बिनबैलाची गाडी आल्या. वडाय कोण न्हाई, हाकाय कोण न्हाई. आपली आपण चालत्या."

संपतचे डोळे चमकले. "लाल हाय का?"

"लालच की! वर शीड फुगलंय. आन आत बाई हुबी हाय. डोसक्यापासनं पायापातूर पांढरी. क्यास सुटल्यात. हात वर करून हाका मारत्या."

"कुणाला?" मी विचारलं.

म्हाताऱ्यानं आवाज खाली आणला. "जावयाला."

माझ्या हातातला तांब्या खाली पडला.

"'जावईबापू, ओ जावईबापू' आसं म्हंत्या. आमच्या वस्तीवर जत्रंला आल्यालं तीन जावई हायत. तिगांस्नी बी कोंडून घातलंय!"

आतून एक घाबरा आवाज आला, "मामा, गेली का ती?"

"गप बसा! वास लागंल तिला!" म्हातारा आत खेकसला.

"आवो, ती माझी आई हाय!" संपत म्हणाला.

"व्हय बाबा, कुणाची तरी आईच आसणार," म्हातारा हळहळला. त्याच्या मागून एका बाईचा आवाज आला, "जावयानं छळून मारली आसंल बिचारीला, म्हणून घिरट्या घालत्या." मग दाराच्या फटीत तिचा डोळा दिसला आणि तो माझ्यावर थांबला. "तुमी कुणाचं कोण?"

"मी सहज आलोय," मी म्हणालो.

गाडीवाट वळसा घेऊन माळावर जात होती. संपत म्हणाला, "मी ट्रॅक्टर तिकडनं आणतो. तुमी सरळ चढून फुडं जावा, आईला धीर तरी येईल. तुमास्नी काय भ्या न्हाई न्हवं?"

माणसानं सासुरवाडीला स्वतःबद्दल काही सांगू नये!

मी एकटा माळ चढलो. वारा पुन्हा उठला होता. झाड नाही, झुडूप नाही, नुसतं सुकलं कुसळी गवत सगळं एका बाजूला झोपलेलं. धुळीचा पडदा हलायचा, त्यात लाल काहीतरी दिसायचं आणि नाहीसं व्हायचं. जवळ गेलो. ट्रॉली एका दगडांच्या ढिगाला टेकून उभी होती. फाटलेली ताडपत्री फडफडत होती. तिचे पाइप थरथरत होते आणि त्यांच्यातून ते रडणं येत होतं.

मी फळीवरून आत डोकावलो. आत कोणी नव्हतं.

एक चप्पल होती. फुटलेल्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे होते. आणि सगळ्या तळावर पांढरी राख पसरली होती, तिच्यात दोन पायांचे ठसे.

"मामी!" मी ओरडलो. माझा आवाज मला ओळखू येईना. "मामी, कुठं आहात?"

रडणं थांबलं. वारा क्षणभर पडला होता. आणि त्या शांततेत मागून माझ्या खांद्यावर एक हात आला.

मी वळलो.

ती पांढरी होती. केस पांढरे, कपाळ पांढरं, पापण्या पांढऱ्या, आणि त्या सगळ्या पांढऱ्यात दोन लालबुंद डोळे. ओठ हलले. आतून शब्द आला नाही, नुसती खरखर आली, "ज्या... ज्या..."

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो. त्या सासूबाई आहेत हे मला कळलं होतं. मी त्यांनाच शोधायला आलो होतो. रांगोळीचं पोतं फुटलं असणार, घशात रांगोळी गेली असणार, वाऱ्याच्या आडोशाला त्या ढिगामागं बसल्या असणार, हे सगळं मला एका क्षणात समजलं. पण ते डोक्याला समजलं. गुडघ्यांपर्यंत बातमी पोचायच्या आत मी आडवा झालो.

शुद्धीवर आलो तेव्हा ट्रॉलीत होतो. सासूबाई माझं डोकं मांडीवर घेऊन ताटानं वारा घालत होत्या. (त्या दिवशी आणखी वाऱ्याची गरज होती असं नाही, पण माया!)

"मामी, लागलं का तुम्हाला?"

"मला काय धाड भरल्या?" एव्हाना त्यांचा घसा उघडला होता. "भांडी गेली, बांगड्या गेल्या, जीव तेवढा ऱ्हायला. पर जावईबापू, एक सांगा. गाडी सुटली तवा मी बोंबलत हुतो. आन तुमी तोंड माज्याकडंच करून बसलावता!"

"मामी, माझ्या तोंडावर टॉवेल..."

"मी हात हालवला. तुमी बी मान हालवली!"

"तो खड्डा होता, मामी."

"मला वाटलं, जावईबापू म्हंत्यात, जावा आता!"

संपत आला, त्यानं आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि चप्पल डोक्यात बसल्यावर उचललं. मग मायलेक एकमेकांना धरून उभे राहिले. रांगोळीमुळं तोही पांढरा झाला. मी दुसरीकडं बघत होतो, कारण माझ्याही डोळ्यांत धूळ गेली होती.

रडण्याचा उलगडा संपतनंच केला. कोपऱ्यांवरच्या पाइपांची वरची तोंडं उघडी होती. मिस्त्रीनं बुचं बसवायची ठेवली होती. वारा तोंडावरून गेला की पाइप बासरीसारखा वाजायचा. संपतनं तळहात ठेवला, एक बाई गप्प झाली. उचलला, पुन्हा रडू लागली. आम्ही चारी पाइपांत फाटलेल्या ताडपत्रीचे बोळे कोंबले. ताडपत्रीचं शीड झालं म्हणून ट्रॉली माळ चढली, असंही आम्ही ठरवून टाकलं. पिनेऐवजी जाड लोखंडी पहार घातली आणि ती तारेनं अशी जखडली की पुढं आठवडाभर सुटली नाही.

निघताना वारा पूर्ण पडला. गवताचं पातं हलत नव्हतं. पाइपांत बोळे होते. आणि आमच्या मागून, त्या दगडांच्या ढिगाकडून, एकदाच आणि अगदी हलक्या आवाजात कोणीतरी हुंदका दिला. मी संपतकडं बघितलं नाही. त्यानंही माझ्याकडं बघितलं नाही. सासूबाईंनी मात्र पदर डोक्यावरून घेतला आणि ढिगाच्या दिशेनं हात जोडले. ट्रॅक्टर त्यानंतर जो पळाला तो ट्रॉली असतानाही पळाला!

घरी आम्ही 'वारं होतं, उशीर झाला' एवढंच सांगितलं. भांडी चेपली होती, ती ठोकून घेतली. शालूला काट्यांनी भोकं पाडली होती, ती निऱ्यांत गेली. लग्न थाटात लागलं.

जेवणाच्या पंगतीला बसलो आणि समोरच्या ओळीत एक ओळखीचा पटका दिसला. वस्तीवरचा म्हातारा! तो नवऱ्या मुलाचा चुलत आजोबा निघाला. धूळ धुतल्यावर मी त्याला ओळखू आलो नाही, हे माझं नशीब. तो रंगात आला होता.

"सांगतो काय, दाराच्या फटीतनं ह्या डोळ्यांनी बगिटलं! येक प्यांटवाला गडी माळावर गेला. किडकिडा. मी नगं म्हनलं, ऐकला न्हाई. पांढरी बाई मागनं आली, नुस्ता हात ठेवला, की गडी लाकडागत खाली!"

"मेला?" कुणीतरी विचारलं.

"न्हाई न्हवं! तिनं त्येला काखंला धरून उचलला आन गाडीत टाकला. मांडीवर घेऊन वारा घालत बसली की!"

"आन न्हेला का न्हाई?"

"त्येच तर कळंना. हाताला घावल्यालं मानूस हाडळ कशी सोडंल?"

सासूबाई बुंदीचं ताट घेऊन वाढत वाढत तिथवर आल्या होत्या. त्या थांबल्या. माझ्या पानात त्यांनी जरा जास्तच बुंदी वाढली.

"त्यो तिचा सोताचाच जावई आसंल," त्या म्हणाल्या. "न्हेला तरी बाळगायचा तिलाच!"

सगळी पंगत पोट धरून हसली. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्यानं. दुसरं काही करणं शक्य नव्हतं. मांडी घातलेली होती, आणि उठून पळावं म्हटलं तर त्या म्हाताऱ्यानं माझी चाल ओळखली असती.